डावीकडची खुर्ची

आईच्या पायाला भिंगरी आहे, असं मावशी म्हणायची. खरं तर ती भिंगरी बोटांना होती. जेवताना ताटाच्या कडेवर, फोनवर बोलताना भिंतीवर, शेवटी इस्पितळाच्या चादरीवरसुद्धा आईची बोटं काहीतरी वाजवतच असत. जन्मभर पियानोच्या मैफली करत ती गावोगाव हिंडली, आणि ज्या गावात असे तिथे तिचं चित्त पुढच्या गावच्या कार्यक्रमात असे.

ती गेली आणि घर गप्प झालं. लेकीला एका जागी बसवेना. उगाच रेडिओ लावावा, बंद करावा, खिडकीशी जाऊन परत यावं. आणि आज संध्याकाळी तर तिला पुतळ्यासारखं बसायचं होतं.

आईने ठरवलेला शेवटचा कार्यक्रम तिचा शिष्य वाजवणार होता. पाठ करायला वेळ नव्हता, म्हणून तो स्वरलिपी समोर ठेवून वाजवणार. अशा वेळी पानं उलटायला वादकाच्या डावीकडे कुणीतरी बसावं लागतं. आईसाठी ते काम लेकीने शाळेत असल्यापासून केलं होतं. शिष्याने विचारलं आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. आईचा कार्यक्रम आपल्या हातून बिघडला तर?

"बांगड्या काढल्यास?" निघताना मावशीने विचारलं.

"काढल्या."

"अत्तर?"

"मावशी, मी काय लग्नाला चाललेय?"

"मला बसवलं होतं तुझ्या आईने त्या खुर्चीत. एकदाच. म्हणाली, श्वास घेतेस की भाता चालवतेस?"

रंगमंचामागे शिष्य दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. कधीच घाई करत नाही म्हणून आई त्याला कासव म्हणायची.

"ताई, हात गार पडलेत."

"आईचेही पडायचे. अशीच बसायची, शिक्षा झालेल्या पोरासारखी."

"मी मान हलवली की उलटा. आधी नको."

"माहीत आहे रे."

सुरुवात बरी झाली. मग मध्यंतराआधीचा तो वेगवान भाग आला. आईने घरात महिनोन्महिने घोटलेला, भिंतींनाही पाठ झालेला. ऐकता ऐकता लेकीचं शरीर आपसूक उठलं, आणि आई जिथे मान हलवायची तिथे तिने पान उलटलं. हात दोन ओळी मागे असले, तरी डोळ्यांनी वाचून झालेलं पान आईला समोर नको असे. शिष्याच्या मात्र पानावरच्या दोन ओळी उरल्या होत्या.

परत उलटावं, तर त्याचे डोळे आणखी गोंधळायचे. पण सूर तुटले नाहीत. त्याची बोटं न अडखळता चालत राहिली आणि नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर बरोबर येऊन उतरली.

मध्यंतरात ती त्याच्यासमोर उभी राहिली. "यापुढे दुसऱ्या कुणाला तरी बसव. माझा हात माझ्या ताब्यात नाही."

तो घाम पुसत हसला. "बाई तर दर शिकवणीला हेच करायच्या. मी चिडायचो. म्हणायच्या, कासवा, पुढे बघ. झालेलं हात सांभाळतील."

"आई? तुझी पानं उलटायची?"

"मग! डावीकडच्या खुर्चीत बसून."

आई त्या खुर्चीत. लेकीला ते चित्र डोळ्यांपुढे आणता येईना. आपल्याशेजारी ती कधी अशी बसली नाही. पहिल्याच वर्षी पियानो आपणच सोडला होता, हेही खरं.

"स्वस्थ बसायची?" तिने विचारलं.

"छे! माझ्या खुर्चीच्या पाठीवर सगळं वाजवायच्या. माझ्या आधी. वर म्हणायच्या, ऐकू नकोस."

तिला हसू फुटलं. खूप दिवसांनी. बाहेर घंटा झाली.

"चला ना ताई," तो म्हणाला. "दुसरं कुणी बसलं तर पान वेळेवर उलटेल. ते जमायचं नाही मला."

ती जाऊन पुन्हा डावीकडच्या खुर्चीत बसली. तो हात मांड्यांखाली घालून क्षणभर थांबला, सभागृह शांत होईपर्यंत. तिने खाली पाहिलं. गुडघ्यावर तिची स्वतःची बोटं वाजवत होती, पुढचंच पान. त्याने हात उचलले तेव्हा तिने ती थांबवली, आणि पानाचा वरचा कोपरा हलकेच धरून ठेवला.