छत धरून पोहणारी

मावशी शिडीवर चढली की तिला खालचं काही ऐकू येत नाही, असं तिचा वायरमन नवरा म्हणायचा. तिला सगळं ऐकू यायचं. उत्तर द्यायचं नसायचं, एवढंच. त्या दुपारी ती त्याच्यासोबत पोहण्याच्या तलावाच्या हॉलमध्ये दिव्यांची रांग टांगायला आली होती. अजून जमिनीवरच होती आणि तिचे दोन्ही कान शिट्टीबाईंकडे लागले होते.

शिट्टीबाई म्हणजे कोच. तोंडातली शिट्टी न काढताच त्या पोरींना झापायच्या. आत्ता त्यांच्यापुढे ओलीचिंब उभी होती ती मावशीची सख्खी भाची.

"पुन्हा लेनच्या दोरीवर गेलीस! रविवारी शर्यत आहे, कळतंय का? आज शेवटचं बघणार. सरळ आली नाहीस तर पाठीवरच्या शर्यतीत तुझ्या जागी दुसरी."

"बाई, तुम्ही सांगता तशीच पोहते मी. मान हलवत नाही. छताची पट्टी नजरेत धरते."

"मग दोरी काय चालत येते तुझ्याकडे?"

बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. भाची खाली मान घालून बाकावर जाऊन बसली. पोरगी पहाटे उठून वर्षभर पाण्यात घासत होती, पाठीवर पोहण्यापलीकडे तिला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि त्यातूनच तिला आज काढणार होते. पण कोचच्या कामात नाक खुपसायचं कसं? मावशीने राग गिळला आणि सरळ रेघ पाडणारं लेझरचं यंत्र स्टँडवर चढवलं.

उंचावरचं काम असलं की तिची रीत ठरलेली होती. छतावरची एखादी सरळ रेघ पकडायची आणि तिच्यावरून मापं घ्यायची. इथे ती आयतीच मिळाली. भाचीच्या कडेच्या लेनवरून ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मावशीने स्टँड तलावाच्या काठावर, बरोबर त्या पट्टीखाली ठेवलं. पोरींना पाण्याबाहेर काढलं, पडदे ओढायला लावले, दिवे घालवले. बटण दाबताच हिरवी रेघ सर्रकन छतावर चढली. यंत्र केसभर इकडे, केसभर तिकडे करत तिने रेघ पट्टीवर बसवली.

"वा! शोधून सापडणार नाही इतकी सरळ पट्टी," नवरा म्हणाला.

मावशी मात्र खाली बघत होती. तीच रेघ पाण्यात उतरून तळावरही उमटली होती. तळाला लेनचा काळा पट्टा रंगवलेला होता. या टोकाला हिरवी रेघ त्याच्यावर होती, मध्यावर ती त्याच्याबाहेर पडली आणि पलीकडच्या भिंतीशी तर थेट दोरीखाली जाऊन पोचली.

आधी तिला यंत्राचाच संशय आला. रेघ सरळ ठेवणारा आतला लंबक मोकळा आहे ना, ते तिने पाहिलं. यंत्र अर्धं फिरवून मागच्या बाजूची रेघ पुन्हा पट्टीवर लावली. तळावरची रेघ परत दोरीखालीच गेली. आता मात्र मावशीच्या अंगात आलं.

"अहो! पोरगी सरळच पोहते! हा तलाव आणि हे छत एकमेकांशी तिरके आहेत!"

आवाज हॉलभर घुमला. शिट्टीबाई तरातरा आल्या, रेघ बघितली, वाकून परत बघितली. जुन्या हॉलमध्ये तलाव मागाहून खोदला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण छताशी त्याची रेघ जुळते का, हे कुणाला बघावंसं वाटणार? तरी त्या सहजासहजी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मग बाकीच्या कशा सरळ येतात?"

बाकावरून एकीने तोंड उघडलं. "बाई, आम्ही मधूनमधून मान वळवून दोरी बघतो."

शिट्टी तोंडातून सुटली आणि गळ्यातल्या दोरीला लोंबकळू लागली. बाईंचं ऐकणारी पोरगी सगळ्या तलावात एकच निघाली होती, आणि बोलणी तिनेच खाल्ली होती.

"ताई," शिट्टीबाई म्हणाल्या, "मला पटलं. पण मी घड्याळ बघून निवडते. तिला सरळ येऊन दाखवू दे."

"दाखवेल की! थोडा वेळ द्या."

मावशीने यंत्र फिरवलं आणि आता हिरवी रेघ तळाच्या काळ्या पट्ट्यावर बसवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ दोन्ही भिंतींवर उंच चढली होती. एका भिंतीवर मावशी शिडी लावून चढली, दुसरीवर नवरा.

"अगं, जपून!"

मावशीला अर्थातच ऐकू आलं नाही. रेघेवर छिद्रं पडली, हुक बसले. लाल दोरी काठाकाठाने पलीकडे गेली आणि लेनच्या वर हवेत ताणली गेली. मावशीने यंत्र बंद केलं, म्हणजे पोरीच्या डोळ्यांवर उजेड यायला नको. मग दिवे लागले.

"लाल दोरी धर," तिने भाचीला सांगितलं. "मान हलवू नकोस."

शिट्टी वाजली. भाची सपासप हात मारत निघाली आणि मावशीचा जीव टांगणीला लागला. अर्धी लेन झाली. लेनच्या दोरीला नेहमी जिथे खांदा घासायचा, ती जागा आली आणि गेली. पोरी बाकावर उभ्या राहून ओरडू लागल्या. नवरा शिडीवरूनच टाळ्या पिटत होता आणि मावशी काठाने वेड्यासारखी पळत होती.

दोरीला घासत येताना नेहमी लागायचे तेवढे हात अजून झाले नव्हते; बरंच अंतर आहे अशा समजुतीत भाचीने पूर्ण जोरात हात टाकला आणि बोटं खाडकन भिंतीवर आदळली. ती धडपडून उभी राहिली. बोटं चोळत तिने आधी भिंतीकडे बघितलं, मग मावशीकडे.

"मावशी, भिंत इतक्यात कशी गं आली?"