भरलेल्या मांडणीचं वजन

ड्रिलच्या टोकाशी पांढरी भुकटी गळाली, तांदळाच्या पिठीसारखी हलकी. विटेची असती तर तांबडी पडली असती. आसावरीने ती चिमटीत चोळून पाहिली. शीळफाट्याजवळच्या या नव्या इमारतीत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या होत्या, पावासारख्या जाळीदार.

"स्क्रूचा साधा प्लग इथे धरणार नाही," ती म्हणाली.

स्टुलावरून अपूर्वने, तिच्या नवऱ्याने, ड्रिल खाली घेतलं. "मग काय, फेव्हिकॉलने चिकटवू?"

स्वयंपाकघराच्या फरशीवर आईची स्टीलची मांडणी भिंतीला टेकून उभी होती. आई, म्हणजे सरोजताई, वर्तकनगरच्या जिन्यात पडल्यापासून लेकीकडे होत्या. दिवाळी होऊन गेली, संक्रांत होऊन गेली, कोणी विचारलं की उत्तर एकच, "चार दिवस आलेय." तिकडचं घर कुलूपबंद होतं. ते विकत घ्यायला एक माणूस तयार होता आणि आई त्याला ना हो म्हणत होती ना नाही. लेकीच्या घरी कायमचं राहायचं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. मांडणी मात्र तिने मागवून घेतली, बंद घरात गंजेल म्हणून. स्टील असं गंजत नाही, हे आसावरीने बोलून दाखवलं नाही.

"आई, हिच्यावर काय ठेवणार आहेस?"

"काय ठेवायचंय? चार कपबश्या."

"तेवढ्याला लांब नायलॉनचे प्लग पुरतील."

"आणि भरली तर?" अपूर्वने विचारलं.

"भरली तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. हॉलमध्ये दिसेल. पुन्हा काढायची म्हटलं तर भिंतीची वाट लागेल."

"नको गं बाई!" आई म्हणाली. "जावईबापूंच्या हॉलची शोभा कशाला घालवता? तात्पुरतं लावा."

"आई, त्या हॉलमध्ये शोभेची वस्तू म्हणजे मी एकटा. पट्टी टीव्हीमागे जाईल."

आई हसली. आसावरी हसली नाही.

"बांधकामाचं सामान तपासतो त्या आमच्या लॅबमध्येही लोक असंच सांगतात, वजन थोडंच आहे. आज कपबश्या म्हणशील, मग एकेक करून पितळेचे डबे चढवशील आणि एक दिवस सगळं तुझ्याच डोक्यावर येईल. मला खरं सांग. त्यावर सगळं ठरेल."

आईने मांडणीच्या खालच्या कडीवरून बोट फिरवलं.

"परात," ती म्हणाली. "तिन्ही पातेली. डबे सगळे. तांब्याचा हंडा वरच्या फळीवर."

"ते सगळं वर्तकनगरला आहे ना?"

"आहे. आणायला लागेल." आईने पदराने बोट पुसलं आणि अपूर्वकडे पाहिलं. "आरपारच लावा. त्या माणसाला कळवा, घर द्यायचंय म्हणून. मी आता इथेच राहणार आहे."