जागा धरा

नूरुद्दीन जीपवाल्याच्या संकेतस्थळावर पाहुणे येत होते, आणि पाणी पिऊन निघून जात होते.

सन दोन हजार सातच्या हिवाळ्यातली ही हकिकत. राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे गावी शेळ्यामेंढ्या पाळून राहणारा नाथा हा नूरुद्दीनचा जिवाभावाचा मित्र. गड पाहावयास येणाऱ्या मंडळींसाठी त्याने घराला लागून एक खोली बांधली. त्याची कारभारीण सारजाबाई हिने ती सारवून लख्ख केली. नसरापूर फाट्यावरून पाहुणे आणण्याचे काम नूरुद्दीनच्या जीपने पत्करले, आणि भोरमध्ये सायबर कॅफे चालविणाऱ्या त्याच्या पुतणीने, फिजाने, संकेतस्थळ बनविले. सर्व सिद्धता झाली; मुक्कामाला मात्र चिटपाखरू फिरकेना.

अखेर नाथा निर्वाणीचे बोलला, "नूरभाई, पुण्यात वॉचमनची नोकरी हाय. सोमवारच्या यष्टीनं निघतो म्या. तवर आलं कुनी तर आलं."

नाथा गेला म्हणजे खोलीला कुलूप लागणार आणि सारजाबाई मेंढरांमागे एकटी पडणार, या विचाराने नूरुद्दीनचा जीव टांगणीला लागला. शनिवारी तो फिजासमोर जाऊन बसला.

"चाचा, लोक येतात हो!" फिजा कपाळावर हात मारीत म्हणाली. "प्रत्येक पानावर किती जण आले ते मोजणारा काउंटर लावलाय मी. पहिल्या पानावर 'या' चं बटण, लोक दाबतात. मग 'बसा'. ते पण दाबतात. मग 'पाणी घ्या'. तिथून पळून जातात! 'चहा घेणार?' पर्यंत कुणी पोचतच नाही. आणि येण्याचं कळवायचं बटण तर जेवणाच्याही पलीकडं, मुंगीएवढं!"

"मग काय दारातच इचारू, किती जन येताय म्हनून?" नूरुद्दीन दुखावला. "आपल्यात रीत हाय, पोरी. आल्यागेल्याला आदी बसवायचं, पानी द्यायचं, मंग कामाचं बोलायचं. तांब्याचा फोटू काय उगं काढला व्हय म्या?"

"तांब्या लई झ्याक आलाय. पण त्याच्यानं तहान नाही भागत, चाचा."

परंतु रीत सोडण्यास नूरुद्दीनचे मन धजेना.

रविवारी सकाळी फाट्यावर यष्टी थांबली. पाठीवर पिशव्या घेतलेली काही तरुण मंडळी उतरली आणि कळप चुकलेल्या मेंढरांगत चोहीकडे पाहू लागली. नूरुद्दीनच्या कंठातून सवयीने आरोळी उमटली, "राजगड! गुंजवण्याला चला! पुढची सीट खाली हाय!"

मंडळी धावतच आली. एकाने तर खिडकीतून टोपी फेकून पुढची जागा धरली!

नूरुद्दीनचा हात जीपच्या दारावर तसाच राहिला. यांना त्याने बसा म्हटले नव्हते, पाणी विचारले नव्हते. तरी एकाच्याही मुद्रेवर अपमानाची छटा नव्हती. उलट, कोठे जावे हे कळल्याचे समाधान होते. फाट्यावर उभा असतो तो वाटसरू. त्याला हाक पाहिजे. तो घरी पोहोचला म्हणजे पाहुणा होतो; तेव्हा तांब्या! एवढी साधी गोष्ट आपण रोज गळा फोडून सांगतो आणि आपल्यालाच ऐकू येत नाही!

ती मंडळी संध्याकाळी परतणारी होती. त्यांना गडाखाली सोडून त्याने गाडी तडक भोरला पिटाळली.

"फिजा! समदं पुस! येकच पान, येकच बटन. 'जागा धरा'!"

फिजा टाळी देत उठली. "रंग?"

"शेंदरी. गडावरनं बी दिसलं पायजे!"

"आणि दाबल्यावर नाव, दिवस, फोन नंबर, बास. खाली भाकरीच्या फोटोपाशी पण तेच बटण पुन्हा देते. भूक लागलेल्याला परत वर कशाला पिटाळायचं?"

"शाब्बास! आन तांब्या ऱ्हाऊ दे कोपऱ्यात. दाबायचा न्हाई, निस्ता बगायचा."

सोमवार उजाडला. फाट्यावर पुण्याची यष्टी उभी होती. चालक चहाला उतरला होता. नाथाने रीतीप्रमाणे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि खाली गाठोडे सावरीत तो उभा राहिला. नूरुद्दीन त्याच्या शेजारी उभा होता. इतक्यात मोबाईल वाजला.

"चाचा! दाबलं! कुणीतरी दाबलं!" फिजाचा आवाज यष्टीपर्यंत ऐकू जात होता. "पिंपरीची मंडळी! शनिवारी येतायत, मुक्कामाला, जेवणासकट! आत्ताच फोनवर बोलले मी. 'सोपं होतं' म्हणाले!"

नूरुद्दीन जागच्या जागी उडालाच. "नाथा, गाठुडं उचल! चल माघारी!"

"आरं पर जागा धरलीया म्या."

"तू यष्टीत धरलीस, आन तुज्या घरात पिंपरीवाल्यांनी धरली! व्हय का न्हाई, फिजा?"

"व्हय, व्हय!" फोन ओरडला.

नाथाने गाठोडे छातीशी धरले. "सारजीला सांगाया पायजे," तो कसाबसा बोलला. "पानी भराया पायजे. तांब्या घासाया पायजे."

चालक चहा पिऊन परत येत होता. नूरुद्दीनने टाचा उंचावल्या, यष्टीच्या खिडकीतून हात घातला, नाथाचा रुमाल ओढून काढला आणि जीपच्या पुढच्या सीटवर नीट अंथरला.

"बस," तो म्हणाला.