हाजराच्या लेकराचं कूळ

हेमचंद्रांनी फोन हातात घेतला, तसा सौमित्र पुढे आला.

"बाबा, हर्षाकडचे लोक चार वाजता येणारेत. आता येऊ नका म्हणून कळवलंत, तर मी या घरात राहणार नाही."

सिंगापुरात तांजोंग पगारच्या ऑफिसात सगळ्या देशांच्या माणसांबरोबर जेवणारे हेमचंद्र, मुलाच्या लग्नाचं निघालं तेव्हा मात्र पक्के गावकरी झाले. सौमित्रनं पसंत केलेली हर्षा संशोधक, गुणी मुलगी. तिचे वडील धम्मानंद जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. घराणं बौद्ध आहे हे ठाऊक होतंच. पण चौकशी केल्याशिवाय आपल्या लोकांना घास उतरतो थोडाच? नागपूरच्या मेहुण्यानं चवीनं कळवलं: धम्मानंदांची आजी कुणाच्या तरी दारी राबायची, तिला पोरासकट गावाबाहेर काढलं होतं. हे कळल्यापासून हेमचंद्रांच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

शेजारचे सय्यद सलीम निवृत्त शिक्षक. पूर्वज अरबस्तानातून आलेले, भिंतीवर वंशावळ लावलेली. हेमचंद्रांना त्यांच्या घराण्याचा मोठा आदर. त्यांनी सलीमसाहेबांनाच बोलावून घेतलं, सगळी हकिकत सांगितली आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमच्यातही सय्यदांची मुलगी सय्यदांतच देतात ना? याला जरा कुळाचं महत्त्व समजवा."

सलीमसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"आमची वंशावळ मागे जात जात प्रेषितांवरून इस्माईलपर्यंत पोचते," ते म्हणाले. "इस्माईलची आई हाजरा. ज्यू आणि ख्रिस्ती ग्रंथांत तिला घराबाहेर काढलेली दासी म्हटलंय. आमच्यात सांगतात, देवाच्या आज्ञेनं तिला वाळवंटात सोडलं. तान्हं लेकरू तहानेनं रडत होतं आणि ती दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी धावत होती. शेवटी पाणी लागलं, लेकरू जगलं. आजही हजला गेलेला राजा असो की हमाल, तिच्याच वाटेनं चालतो. आता सांगा, आमचं कूळ उच्च की नीच?"

"ती गोष्ट वेगळी," हेमचंद्र पुटपुटले.

"वेगळी कशी? धम्मानंदांच्या आजीनंही पोर जगवलंच की. तिला अजून कुणी मान दिला नाही, एवढंच. आणि सय्यदांतच मुलगी द्यायच्या हट्टापायी माझी बहीण आमच्यापासून कायमची तुटली. आई मरेपर्यंत दाराकडे बघत होती. तुम्ही नेमका त्याचाच दाखला मागताय!"

तेवढ्यात बेल वाजली. कुणीच हलेना. शेवटी हेमचंद्रांनी दार उघडलं. बाहेर धम्मानंद आणि त्यांची पत्नी बेबीताई, दोघंच.

"हर्षा?"

"खाली आहे," धम्मानंद शांतपणे म्हणाले. "तुमची चौकशी आमच्या कानावर आलीय. म्हणून आधी आम्ही आलो. अपमान करायचा असेल तर आमचा करा, मुलीच्या तोंडावर नको."

हेमचंद्रांना मान वर करवेना. "चूक झाली माझी. तुम्ही आत बसा," एवढंच कसंबसं बोलून ते लिफ्टची वाटही न बघता जिना उतरू लागले.

खाली बाकावर हर्षा एकटी बसली होती.

"वर चल, बाळ."

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्या बाबांनी बोलावलंय?"

"नाही. मीच न्यायला आलोय तुला."

वाचकहो, प्रत्येक घराण्याच्या मुळाशी उपाशीतापाशी लेकरू जगवणारी एखादी आई असतेच. काहींची नावं लोक भक्तीनं घेतात, काहींची कुणाला ठाऊकही नसतात. म्हणून दारी आलेल्या माणसाचं कूळ विचारू नये, त्याला आधी घरात घ्यावं.