थांबायच्या जागा

बाबांच्या सायकलच्या मडगार्डवरची ती लाल काच, रुपयाएवढी, मधोमध तडकलेली... अबोली घरापासून तिच्याच मागे होती. काच डावीकडे झुकली की बाबांनी डावं पायडल दाबलं, उजवीकडे झुकली की उजवं. धुक्यात बाबा असे बाकी दिसतच नव्हते. वर कानटोपीचा करडा गोळा आणि खाली ही काच. स्कूटी इतकी हळू चालवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. एक्सलेटर जरा पिळला की बाबांच्या अंगावर जायची भीती, सोडला की दोन्ही पाय जमिनीवर. म्हणजे सायकलवरच्या बापाचा पाठलाग करायचा तर थांबत थांबतच करावा लागतो — आणि नागपुरातल्या ऑफिसात दहा माणसं आपल्या हाताखाली असताना, चाळिशीला आलेल्या आपण बालाघाटच्या रस्त्यावर पळसाच्या बुंध्याआड उभ्या राहतो, चोरासारख्या. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ठरलं होतं ते साधं होतं. दिवाळीच्या आधी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण बेतानं, आणि दम लागला तर लपवू नका. आता लपवू नका हे कुणाला सांगावं? सिंचन खात्यात जन्म काढलेल्या गोपाळकृष्णांना, म्हणजे बाबांना, ज्यांनी दाढ दुखली तरी घरी सांगितलं नव्हतं. रोज फिरून आले की एकच वाक्य : "मले काही होत नाही." काल रात्री आईनं तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, "तू एकदा मागून जाऊन पाह्य अबोली. दम लागत असला त सायकल आजच्या आज दूधवाल्या प्रेमलालले देऊन टाकू. माह्या डोळ्यासमोर नको ते." आईचा आवाज बारीक झाला होता. अबोलीनं मान हलवली होती.

पूल आला. खाली वैनगंगा असणार, धुक्यानं ती पार गिळून टाकलेली, नुसता पाण्याचा थंड वास. या पुलाचा फोटो बाबांनी किती वेळा पाठवला असेल... घरच्या ग्रुपवर रोज सकाळी एक फोटो, निवृत्त झाल्यापासून आजतागायत. रामपायलीचं राममंदिर, नदीच्या अंगानं काढलेलं. परसवाड्याच्या वाटेवरचं सालवन, सरळसोट, शाळेत उभ्या केलेल्या पोरांसारखं. तेव्हा सगळ्यांनी वा वा केली होती. पण या हिवाळ्यात बाबांचं काहीतरी बिनसलंच : एक मैलाचा दगड. रस्त्याखालची एक मोरी. एक बंद पानटपरी. पुण्याहून भावानं, अनुरागनं लिहिलं, 'बाबा, प्रेक्षणीय स्थळं संपली काय?' सगळे हसले, तीही हसली. बाबांचं उत्तर एका शब्दाचं होतं : 'बघ.'

पूल संपून चढ लागला, चढ कसला, पोरंसुद्धा त्याला चढ म्हणणार नाहीत — आणि सायकल थांबली. बाबा उतरले. स्टँड लावला नाही. दोन्ही तळवे हँडलवर टेकवून, मान खाली घालून ते नुसते उभे राहिले, आणि स्वेटरमधली ती पाठ... वर, खाली. वर, खाली. किती लहान झाली आहे पाठ. हिच्यावर बसून मी घोडा घोडा करायची. अबोलीचा हात हॉर्नवर गेला. धावावं, धरावं, बसवावं कुठेतरी, आणि झालंच तर चांगलं भांडावं : काहून लपवलं? आणि तेवढ्यात बाबांनी मान वर केली.

ते बघत होते. रस्त्याच्या कडेला पाटाचं एक गंजकं लोखंडी गेट होतं, मागे कापलेल्या धानाचं शेत, तणसाची, भाताच्या पेंढ्याची, एक गंजी. बस्स. बाबांनी मफलरनं फोन पुसला. मग हळूच उकिडवे बसले, गेटाच्या गजांमधून पलीकडे पाहिलं, सरकले, पुन्हा पाहिलं. फोटो मात्र काढेनात. कशाची वाट बघतात? मग तिला उमजलं, धुक्यामागे ऊन वर येत होतं, ते गजांपर्यंत पोचायची बाबा वाट बघत होते. आणि तोवर पाठ शांत झाली होती.

डोक्यावर तणसाचा भारा घेतलेली एक बाई बांधावरून आली नि त्यांच्याजवळ थांबली. ओळखीची असावी.

"काहून जी, आज इथंच थांबले? परवा त त्या मोरीपावतर गेलते."

"हौ. आज हे गेट दिसलं."

"त्यात काय पाह्यता? पूरा जंग लगा है."

"म्हणूनच त पाह्यतो, तुळसाबाई."

बाई हसत निघून गेली. बाबांनी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि पळसामागे अबोलीच्या हातात फोन थरथरला.

गजांवर दवाचे थेंब, प्रत्येक थेंबात एक इवलंसं ऊन, आणि गंजाचा रंग — असा रंग तिनं लुगड्यातसुद्धा पाहिला नव्हता. ती अंगठ्यानं मागे मागे जात राहिली. मोरी. त्याआधी मैलाचा दगड, पलीकडच्या गावाचा. त्याआधी पानटपरी, आणखी पुढची. म्हणजे ही स्थळं नव्हतीच... जिथे जिथे बाबांना दम लागला, त्या त्या जागा होत्या, आणि त्या घराकडे सरकत येत होत्या. तरी डोळे फोटोंवरून हलेनात. मोरीच्या फटीतला तो आघाड्याचा तुरा! दगडाआडून अर्धीच डोकावणारी चिमणी! एकही फोटो उरकलेला नव्हता. श्वास पुरत नाही म्हणून थांबलेला हा माणूस प्रत्येक वेळी समोर जे होतं ते असं पाहत होता, जणू तेच बघायला घरून निघाला होता. केवढा माणूस आहे हा, आणि आपण त्याला हसलो.

फोन वाजला. आई.

"दिसले काय?"

"हौ."

"दम लागतो काय त्यायले?"

बाबा सायकल हातात धरून चालू लागले होते, सावकाश, इकडे तिकडे बघत.

"लागतो, आई. संध्याकाळी डॉक्टरकडे घेऊन जाऊ."

"मंग सायकल देऊन टाकायची न?"

अबोलीनं तोंड उघडलं. हो म्हणायलाच तर ती आली होती. मला दम लागला की मी घाबरते फक्त, बाबा बघतात. सायकल दिली म्हणून दम लागायचा राहणार नाही, तो लागेलच, घरात, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून... आणि तेव्हा त्यांच्यासमोर काय असेल?

"काहून बोलत नाही तू?" आई म्हणाली.

ती बोलेना, आणि आई फोन ठेवीना.