चांगला पाय

परिचारिका मीरानने बुनरेआजींच्या डाव्या पायात मोजा चढवायला घेतला आणि तो पोटरीपाशीच अडला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेआधी घालायचे हे घट्ट मोजे म्हणजे रोजचीच झटापट. पण इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात काढल्यावर, मोजा लहान आहे की पायच सुजलाय, हे तिच्या बोटांना कळत होतं. तिने मोजा परत खाली ओढला.

आजींचा खुबा मोडला होता तो उजवा. कोरियाच्या जिंदो बेटावर शेतात कांद्याची पात काढताना त्या सरीत पडल्या आणि नुसतं लचकलंय म्हणत घरच्या खालून तापवलेल्या उबदार फरशीवर झोपून राहिल्या. ग्वांगजू शहरातून मुलगी आली, तिने आकांडतांडव केलं, तेव्हा कुठे इस्पितळ दिसलं. डाव्या पायाची कुणी चौकशीच केली नव्हती. तो चांगला पाय होता.

"तो मी मस्त चोळलाय," स्ट्रेचरच्या उशाशी उभे असलेले आजींचे यजमान जोंगमानआजोबा म्हणाले. नातेवाइकांना या तयारीच्या खोलीपर्यंतच येऊ देत. "काल दिवसभर चोळला, आज पहाटेपासून पुन्हा. मोडक्याला हात लावू देत नाहीत, म्हटलं निदान याचं तरी रक्त फिरतं राहू दे."

"म्हाताऱ्याला वेड लागलंय," आजी म्हणाल्या. गाल मात्र लाजेने लाल झाले होते.

मीरानने पोटरीला मोजायची टेप लावली. दाखल करताना मोज्यासाठी घेतलेल्या मापापेक्षा पोटरी चांगलीच फुगली होती आणि हाताला गरम लागत होती. हवा भरून पाय दाबणाऱ्या पट्ट्या शेजारीच तयार होत्या. त्या तिने उचलून लांब ठेवल्या. गुठळी आधीच झाली असेल, तर त्या दाबाने ती सुटून थेट फुप्फुसात जाऊन बसायची. आजोबांच्या हातांनीही तेच झालं असतं.

"आजोबा, हात काढा. आता अजिबात चोळायचं नाही."

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ग्वाक त्यासाठी हात धुवायला निघाले होते. तिचं बोलणं ऐकून ते तसेच आत आले, पोटरी पाहिली आणि सोनोग्राफीचं यंत्र मागवलं. गुठळी होतीच. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, आधी रक्त पातळ करण्याचं औषध सुरू झालं.

"वेळेवर सापडली," ते आजोबांना म्हणाले. "पण चोळणं बंद म्हणजे बंद. जीवावर बेतलं असतं."

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते दाराबाहेर जाऊन बाकावर बसले. मीरानला त्यांची फार दया आली.

सलाईन नीट करता करता तिने हळूच विचारलं, "आजी, चोळताना दुखत नव्हतं?"

"दुखायचं की. ठणका लागायचा नुसता."

"मग बोलायचं नाही का, बाई! जीव गेला असता."

आजी दाराकडे बघत राहिल्या.

"लग्न झाल्यापासून या माणसाने कधी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, पोरी. बाळंतपणातसुद्धा नाही. बोलले असते तर थांबला असता."

मीरानला रागवायचं होतं. रागवायला हवंच होतं. पण ती तडक दाराशी गेली.

"आजोबा, आत या. डॉक्टरांचं एक सांगायचं राहिलं. पाय नाही चोळायचा, पण हात चोळायचा. सलाईन नसलेला हात. रोज."

"त्याने काही अपाय?"

"न चोळल्याने होईल."

डॉक्टर ग्वाक कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली, मीरानकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

आजोबा जवळ आले. आपले तळवे त्यांनी आधी पँटला पुसले, मग बायकोचा हात काचेचा असावा तसा उचलला आणि अंगठ्याने नुसता टेकवल्यासारखा चोळू लागले. आजींनी डोळे मिटून घेतले.

"जोर लावा की जरा," त्या म्हणाल्या. "हे काही दुखत नाही."