बाकाचे चार तुकडे

सुतारमामा म्हणजे सरळ नाकासमोर चालणारा माणूस. पण म्हातारपणी सरकारी बाक कापलं आणि आरोपी होऊन बसले!

बाक दवाखान्यासमोरच्या बागेतलं. आजारी बायकोला रोज तिथे बसायची भारी हौस, पण बाक उंच. तिचे पाय अधांतरी लोंबत, सुजत. मामांनी दोनदा अर्ज दिला. अर्जाला कोण विचारतो? मग एका सकाळी करवत घेऊन गेले आणि बाकाचे चारही पाय चार-चार बोटं उतरवले.

शिक्षा झाली तर तुरुंग, आणि घरात बायकोला पाणी द्यायला दुसरं माणूस नाही.

वकील मामांची भाचीच. तिने बजावलं होतं, "मामा, कुणी पाहिलेलं नाही. तोंडाला कुलूप!" पण कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "कुणीतरी वेडंवाकडं कापलंय," आणि झालं! मामा ताडकन उठले.

"वेडंवाकडं? गुण्या लावून काटकोन बघा! केसभर फरक निघाला तर नाव बदलीन!"

भाचीने कपाळाला हात लावला.

"कापलेले तुकडे कुठे आहेत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

तेवढ्यात मागे बसलेल्या मामींनी पिशवीतून फडक्यात बांधलेले चार तुकडे काढले. मामांना वाटत होतं, माळ्यावरच्या डब्यामागे ते कुणाला सापडायचे नाहीत. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर होता, एक ते चार.

भाचीचा चेहरा उजळला. "बघा बाईसाहेब, नंबर घातलेत! हे परत जोडणारच होते. मामा, कधी जोडणार होतात, सांगा ना!"

सांगितलं की सुटका. मामांनी मामींकडे पाहिलं. तुरुंग परवडला, पण हिच्यासमोर ते बोलायचं कसं?

"मी गेल्यावर, आणखी कधी?" मामीच म्हणाल्या. "अहो, डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेतलं तेव्हाच कळलं मला. इतकी वर्षं संसार केला, तुमचं तोंड वाचता येत नाही होय?"

मामा लहान मुलासारखे रडले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "नुकसान करायचा हेतू दिसत नाही. यांना सोडा. तुकडे यांच्याकडेच राहू देत. जोडायची अजिबात घाई नाही."

मामींनी फडक्याची गाठ पुन्हा मारली.

"चला आपल्या बाकावर," त्या म्हणाल्या. "इथलं मेलं फार उंच आहे."